ताडपत्रीखाली निघालेली चाकं

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ह्यांना ताडपत्री आणायला पाठवलं होतं. काम एवढंच होतं.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. वसईत आमची केळीची आणि पानवेलीची वाडी. केळीचे घड बैलगाडीतून स्टेशनावर जायचे आणि वॅगन लागेपर्यंत उन्हात काळे पडायचे. तेवढ्यात गावात बातमी आली की कल्याणच्या बाजूला लष्कराची छावणी मोडतेय आणि तिथला माल लिलावात निघतोय. कुणी घोंगड्या आणल्या, कुणी पत्र्याचे डबे आणले. एकाने बिनदाराचं लोखंडी कपाट आणलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते उघडून दाखवल्यासारखं करत असे. मामंजी म्हणाले, "एक जाड ताडपत्री आण. दुसरं काही बघू नकोस."

ह्यांनी दुसरं काही बघितलं नाही. तिथेच घोटाळा झाला.

छावणीच्या मैदानात मालाचे ढीग मांडले होते. एका ढिगावर कोरी करकरीत हिरवी ताडपत्री होती. ह्यांनी तिचा कोपरा चिमटीत धरला, शिवण तपासली, वाससुद्धा घेतला. बोली सुरू झाली. हे चढत गेले. आजूबाजूचे व्यापारी का हसताहेत, ते ह्यांना कळेना. शेवटी ढीग ह्यांच्या नावावर पडला. तेव्हा एक शिपाई आला, त्याने ताडपत्री ओढली, तिची व्यवस्थित घडी घातली आणि काखेत मारून चालू लागला.

"अहो, ती माझी!" हे त्याच्यामागे धावले.

"ताडपत्री सरकारी," तो न थांबता म्हणाला. "खालचा माल तुमचा."

खाली चाकं होती. लष्करी ट्रकांची, जीपगाड्यांची, कसल्या कसल्या गाड्यांची वापरलेली चाकं आणि टायर. मोडक्या ट्रेलरचे दोन आख, म्हणजे चाकं बसवायचे लोखंडी दांडे, आणि हवा भरायचा एक हातपंप हा वरचा आहेर.

भिवंडीवरून, कामणच्या रस्त्याने दोन ट्रक आमच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मी अंगणात वाल निवडत होते. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. माल उतरू लागला तसं अंगण दिसेनासं झालं. सासूबाई तुळशीपुढे हात पसरून उभ्या राहिल्या, म्हणून तुळस वाचली. माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण, जरा तिखट जिभेची. ती म्हणाली, "वहिनी, रावणाच्या बायकोने बांगड्या उतरवून ठेवल्यात गं."

मामंजी वाडीतून आले. त्यांनी ढिगाभोवती एक फेरी मारली. मग ट्रक ज्या रस्त्याने आले होते तिकडे मान वळवून बघितलं आणि मुलाला विचारलं, "मोटार मागून येतेय का?"

त्यानंतर बरेच दिवस ते ह्यांच्याशी बोलले नाहीत.

हे मात्र खचले नाहीत. चुकून आलेला माल आपण ठरवूनच आणलाय, असं त्यांनी स्वतःला पटवलं आणि मग गावाला पटवायला निघाले. गिऱ्हाईक आलं की हे टायरवर बोटांनी टकटक करून कान लावायचे, फणस पिकला की नाही ते बघावं तसे. त्यातून काय कळायचं, देव जाणे. गावात मोटारी होत्याच किती! डॉक्टरांची एक. तिचा ड्रायव्हर आला, त्याने सगळी चाकं उलटीपालटी केली आणि म्हणाला, "आमच्या चाकाला पाच भोकं. तुमच्या सगळ्यांना सहा."

"एक भोक जास्तच मिळतंय की," हे म्हणाले.

ड्रायव्हर बिचारा सज्जन होता. चहा पिऊन गेला.

पहिला टायर खपवला तो सासूबाईंनी. त्यांचा पाण्याचा रांजण नेहमी कलंडायचा. त्यांनी एक लहानसा टायर आडवा टाकला आणि त्याच्या पोटात रांजण बसवला. तो असा बसला की जणू त्याच्यासाठीच लढाई झाली होती. आठवड्याभरात आळीतल्या बायका एकेक करून आपापल्या रांजणांची बुडं दोरीने मापून आल्या. ह्यांना ते आवडलं नाही. "हे मोटारीचे टायर आहेत," ते म्हणत. "ह्यांनी लढाई पाहिलीय."

"मग आता बसू दे त्यांना जरा," सासूबाई म्हणायच्या.

पण रांजणांखाली असे किती टायर जाणार? मग ह्यांच्या डोक्यात आलं की मोटारी नसतील, पण बैलगाड्या तर घरोघर आहेत. लाकडी चाकं काढायची, ट्रेलरचा आख बसवायचा आणि रबरी चाकं लावायची. गाडी फुलासारखी चालेल, बैलांना ओझं कळणार नाही. दाखवायला मात्र एक गाडी हवी होती. मामंजी आपल्या गाडीच्या खिळ्यालाही हात लावू देत नव्हते. योगायोगाने त्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न डहाणूला निघालं आणि ते चार दिवस गेले. ह्यांनी त्याच दुपारी सुतार आणि लोहार दोघांना बोलावलं. लोहार आधी फुरंगटला होता, कारण लाकडी चाकावरची लोखंडी धाव चढवणं हा त्याचा धंदा. पण पुढच्या गाड्यांचे आख त्यालाच घडवावे लागणार हे कळल्यावर तो सुताराच्या आधी हजर झाला.

मामंजी परतणार त्या दिवशी हे नवीन चाकांची गाडी घेऊन स्टेशनावर गेले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मामंजींना एक अभिमान होता आणि तो ते पाहुण्यांसमोर नेहमी बोलून दाखवायचे. "मी दारात पाऊल ठेवलं की पानात वाफाळता भात. लग्न झाल्यापासून एकदाही चुकलं नाही. घरात धाक लागतो." सासूबाई तेव्हा खाली मान घालून वाढत असत. त्यांचं गुपित मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं. गावाबाहेरच्या दगडी मोरीवर, म्हणजे ओहोळावरच्या लहान पुलावर, मामंजींची गाडी अशी काही खडखडायची की आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही ऐकू यायची. ती वाजली की सासूबाई आधणात तांदूळ वैरायच्या. मोरीपासून घरापर्यंत गाडी रेंगाळत येई, तोवर भात तयार. बैलांच्या गळ्यात घुंगरंही नव्हती. मामंजी म्हणत, घुंगरं तमाशाच्या बैलांना. सगळा कारभार त्या चाकांच्या खडखडाटावर.

त्या दिवशी पडवीत आम्ही तिघी होतो. सासूबाई, मी आणि शेजारची ख्रिस्ती मावशी. ही मावशी कोंबड्या पाळायची आणि पापडीच्या बाजारात अंडी विकायची. सासूबाई अंगणाकडे पाठ करून बसल्या होत्या.

"अजून गाडी नाही वाजली," त्या म्हणाल्या.

"तुमचं बरं आहे, वहिनी," मावशी म्हणाली. "आमच्या घरात मालक केव्हा येईल त्याचा पत्ता नसतो."

"अगो, पत्ता मला तरी कुठे असतो? गाडी वाजते म्हणून कळतं. आणि हे जगाला सांगत सुटतात, माझा धाक, माझा धाक! कसला धाक? धाक त्या चाकाच्या धावेचा. उद्या गाडी वाजायची थांबली तर ह्यांना भात नाही, करपलेली भाकरीसुद्धा वेळेवर मिळायची नाही."

मी समोर बघितलं आणि माझ्या हातातल्या शेंगा गळाल्या. गाडी अंगणात उभी होती. मामंजी खाली उतरून सासूबाईंच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभे होते. बैलाचं नाक तर त्यांच्यापेक्षाही जवळ होतं. मी डोळ्यांनी खुणा करायला लागले.

"डोळ्यात काही गेलं का गो तुझ्या?" सासूबाईंनी विचारलं. "पाण्याने धू. तर मी काय सांगत होते, एकदा तर हे चालत आले होते, आठवतं? तेव्हा मी पोट दुखतं म्हणून ह्यांना दारातूनच वैद्याकडे धाडलं, भात टाकायला वेळ मिळावा म्हणून."

"पोट दुखत नव्हतं?" मागून मामंजी म्हणाले.

मावशीने क्रूसाची खूण केली आणि कुंपणातून पसार झाली. सासूबाई जागच्या उठल्या, आत गेल्या आणि तांदूळ धुवायला लागल्या. त्या दिवशी मामंजींना भातासाठी बराच वेळ पाटावर बसून राहावं लागलं. जेवून हात धुताना ते ह्यांना एवढंच म्हणाले, "उद्या ही चाकं काढ."

चाकं निघाली असती. पण दुसऱ्या दिवशी पापडीचा बाजार होता आणि सुतार संध्याकाळशिवाय येणार नव्हता. सासूबाईंना वैद्याकडून कमरेसाठी तेल आणायचं होतं. त्यांची कंबर इतकी धरलेली असे की बाजाराला गेलं की गाडीतून त्यांना धरून उतरवावं लागायचं. जायला गाडी एकच. त्या बसल्या, मी बसले, आणि आदल्या दिवशीची शरम विसरून ती मावशीही अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसली. हे हाकायला.

गाडी मोरीवरून गेली आणि सासूबाईंनी विचारलं, "मोरी कधी येणार?"

"गेली," हे म्हणाले.

त्यांनी मागे वळून मोरी बघितली. मग पुढे सबंध रस्ताभर त्या ताठ बसून राहिल्या, कुणीतरी पालखीत घातल्यासारख्या. पापडीला कुणाचा हात न धरता उतरल्या. वैद्याकडे गेल्याच नाहीत.

मावशीची वेगळीच तऱ्हा. तिने टोपली उघडून पेंढा बाजूला केला, एकेक अंडं उन्हाला धरून बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"फुटली का गं?" मी विचारलं.

"एकही नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "दर बाजारला टोपलीभर अंड्यांतली काही तडकतात. तीच मी घरी नेते आणि माझा नवरा खातो. चांगलं अंडं घरात खायचं नाही असा माझा नेम आहे. आज काय घालू त्याला?"

ती हे इतक्या मोठ्याने म्हणाली की बाजारातल्या निम्म्या बायका जमल्या. अंडी न फुटणारी गाडी बघायला त्या चाकांभोवती फिरल्या, टायरवर बोटं रुतवून बघितली. सासूबाई तर गाडीच्या कडेवर बसून अशा बोलत होत्या की ह्यांना मध्ये तोंड उघडायची सोय राहिली नाही. "माझी कंबर विचारा," त्या म्हणायच्या. "चाकाला काय विचारता?"

घरी आल्यावर त्यांनी सुताराला दारातूनच परत पाठवलं. मामंजी ओट्यावर बसले होते. त्यांच्यासमोर उभं राहून त्या म्हणाल्या, "चाकं राहतील. तुम्हाला भात गरम हवा असेल तर तुम्ही काय ते बघा."

मामंजी दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी ते आगाशीला जाऊन आले आणि काही न बोलता दोन्ही बैलांच्या गळ्यांत घुंगरांचे पट्टे बांधले. एवढी घुंगरं की बैल रवंथ करायला लागले तरी आळीला जाग यायची.

माल खपू लागला. लोक असल्या गाडीला हवेची गाडी म्हणायचे. येणारा पुरुष चाकाबद्दल विचारायचा, पण ठरवून यायची त्याची बायको. हे बाहेरगावी असले की चाकं मीच दाखवायचे आणि खरं सांगते, माझ्या हातून जास्त जायची. मी टायरला कान लावत नसे. मी बाईला आमच्या गाडीत बसवून मोरीपर्यंत नेऊन आणायचे. मामंजी मात्र ह्या धंद्याशी आपला संबंध नाही असंच वागायचे. कुणी दारात येऊन "टायरवाल्यांचं घर हेच का?" म्हणून विचारलं, तर ते म्हणत, "हे केळीवाल्यांचं घर आहे. टायर अंगणात आहेत."

पुढच्या वर्षी नणंदेला बघायला केळव्याहून पाहुणे यायचे ठरले. घर चांगलं, पानमळा मोठा, मुलगा शिकलेला. मामंजींनी दोन दिवस आधीपासून उरलेली चाकं गोठ्यामागे हलवून घेतली. अंगण सारवलं, रांगोळी घातली. ह्यांना बजावलं, "पाहुण्यांसमोर टायर हा शब्द काढायचा नाही. आपण बागायतदार आहोत."

पाहुणे आगगाडीने येऊन स्टेशनावरून भाड्याच्या गाडीने यायचे होते. वेळ झाली, पाहुणे येईनात. मामंजींची दारात येरझार सुरू झाली. एकदम रस्त्यावर आरडाओरडा ऐकू आला. पुढे एक गाडीवान, खांद्यावर ट्रकचं चाक. चाकाची दुसरी बाजू धरून एक कोट घातलेला तरुण. त्यांच्यामागे धुळीने माखलेले दोन वयस्कर गृहस्थ आणि एक बाई.

गाडीवान मूळचा जूचंद्रचा, पूर्वी मिठागरावर मीठ वाहायचा. ह्यांच्याकडूनच चाकं नेऊन तो स्टेशनावर भाडी मारायला लागला होता. वाटेत त्याच्या गाडीला बाभळीचा काटा लागला आणि चाक बसलं. पाहुण्यांना तो म्हणाला होता, "तुम्हाला त्या आळीत जायचाय ना? ज्यानं मला फसवला तो पन तिथंच ऱ्हातो. चला, आधी त्याला बगू."

त्याने चाक बरोब्बर रांगोळीवर आपटलं.

"कुठं हाय तो चाकंवाला?" तो ओरडला. "हवा भरलीय म्हनला व्हता! कुठं गेली ती हवा? लाकडाची चाकं माझ्या बापानं वापरली, कंदी त्यातनं काय गेला नाय!"

केळव्याच्या वयस्कर गृहस्थांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, धोतर झटकलं आणि मामंजींना नमस्कार करून विचारलं, "आम्ही ह्याच घरी आलो आहोत असं दिसतं. पण हा ज्यांना शोधतोय ते चाकंवाले कोण?"

मी खिडकीतून बघत होते. हे ओट्याच्या खांबामागे जवळजवळ खांब झाले होते. मामंजींनी एकदा रांगोळीकडे बघितलं, एकदा चाकाकडे. मला वाटलं, आता म्हणतील, शेजारचं घर.

"माझा मुलगा," ते म्हणाले. "ये रे बाहेर. चाक बघ ह्याचं."

मग बघण्याचा कार्यक्रम बाजूला राहिला. हे धोतर खोचून बसले, टायर उचकटला, ट्यूब काढली, बादलीत बुडवून भोक शोधलं, ठिगळ लावलं. इथपर्यंत ठीक झालं. हवा भरायला होता तो लिलावातला हातपंप. त्याचा दट्ट्या खाली दाबला की अर्धी हवा चाकात जायची आणि अर्धी मारणाऱ्याच्या तोंडावर यायची. हे दमले. गाडीवानाने हात लावला, तोही दमला. मामंजी पुढे झाले, त्यांना सासूबाईंनी आतूनच हाक मारून थांबवलं. तेव्हा तो तरुण उठला, कोट काढून वडिलांच्या हातात दिला आणि पंपाला भिडला.

नणंद माझ्या खांद्यावरून बघत होती. "वहिनी, तोच का?"

"तोच."

"मग मला लवकर दाखवा. दमल्यावर वेगळा दिसायचा."

तिला दाखवायला पाट मांडला होता, शालू नेसवला होता. पण ती माझ्या हातातून कोकमाच्या सरबताचा तांब्या घेऊन सरळ अंगणात गेली. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. ती पंपापाशी थांबली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दट्ट्याची चामडी चकती सुकलीय. खोबरेल लावलं की हवा धरते."

त्या मुलाने घाम पुसत वर बघितलं. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"किती वेळ टिकता ते बघत होते," ती म्हणाली.

मुलाचे वडील इतके हसले की त्यांच्या हातातला कोट खाली पडला. मुलाची आई काही हसली नाही, पण तिने नणंदेच्या हातातला तांब्या घेतला आणि तिला आपल्याजवळ बसवलं. चकतीला खोबरेल लावलं. चाक फुगत गेलं, तसा गाडीवानाचा राग उतरत गेला. चाक टणक झाल्यावर त्याने त्याला लाथ मारून बघितली आणि म्हणाला, "पोरगा चांगला हाय. द्या पोर."

जेवायला सगळे एका पंगतीला बसले, गाडीवानसुद्धा. मुलाचे हात रबराच्या काळ्याने माखले होते. सासूबाईंनी राख दिली, लिंबू दिलं, चिंच दिली, तरी नखांच्या कडा काळ्याच राहिल्या आणि तो तशाच हाताने जेवला. मामंजींनी त्याला स्वतः आग्रह करून भात वाढला. जेवण होईपर्यंत लग्नाचं बोलणं ठरून गेलं होतं. घाईत देवाण-घेवाणीचं बोलायचं दोन्हीकडच्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

चाकं त्या वर्षभरात संपली. पुढे ह्यांनी स्टेशनच्या रस्त्यावर पंक्चर काढायचं आणि जुने टायर विकायचं दुकान टाकलं, ते चांगलं चाललं. नणंद केळव्याला गेली ती तिथे रमली. तिचा नवरा पहिल्या सणाला सासुरवाडीस आला, तेव्हा तासाभरात कोट खुंटीला लावून ह्यांच्याबरोबर दुकानात गेला आणि संध्याकाळी दोघे तोंडाला काळं लावून, मोठ्याने हसत घरी आले. सासूबाईंनी दोघांनाही उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि विहिरीवर पिटाळलं.